ध्रुवावर दुर्बीण कशासाठी?

दक्षिण ध्रुवावर सूर्य वर्षातून एकदाच उगवतो आणि एकदाच मावळतो. त्यामुळे खगोलशास्त्रज्ञ तिथे सहा महिन्यांच्या सलग रात्रीसाठी जातात, असा सर्वसाधारण समज आहे. तो फार तर अर्धा खरा आहे. सूर्य क्षितिजाखाली गेल्यावरही संधिप्रकाश कित्येक आठवडे रेंगाळतो, त्यात ध्रुवीय प्रकाशाची (ऑरोराची) भर पडते, आणि गडद काळोख अपेक्षेपेक्षा कमीच वाट्याला येतो. तिथल्या सुरुवातीच्या ठळक यशांपैकी एक तर रात्रीचे नव्हतेच. १९७९-८०च्या दक्षिणी उन्हाळ्यात ग्रेक, फोसा आणि पोमेरान्झ या शास्त्रज्ञांनी न मावळणाऱ्या सूर्याच्या पृष्ठभागाची स्पंदने सलग पाच दिवस नोंदवली. इतरत्र दर रात्री अशा नोंदींत खंड पडतो आणि त्या खंडामुळे मूळ स्पंदनांत खोट्या कंप्रता मिसळतात. इथे तो प्रश्नच उरला नाही.

ध्रुवाचे खरे वैभव आहे ते तिथल्या कोरड्या हवेत. ध्रुवावरचे अमुंडसेन-स्कॉट संशोधन स्थानक समुद्रसपाटीपासून २,८३५ मीटर उंचीवर आहे आणि तिथले वार्षिक सरासरी तापमान उणे ४९ अंश सेल्सियसच्या आसपास असते. इतक्या थंड हवेत बाष्प जवळजवळ टिकतच नाही. डोक्यावरच्या सगळ्या वातावरणातले बाष्प पाण्याच्या रूपात जमिनीवर उतरवले, तर उष्ण कटिबंधातल्या किनाऱ्यावर काही सेंटिमीटरचा थर होईल. ध्रुवावरच्या हिवाळ्यात तो अर्धा मिलिमीटरही भरणार नाही. मिलिमीटर लांबीच्या लहरी पकडू पाहणाऱ्याला हा फरक निर्णायक ठरतो, कारण बाष्प या लहरी शोषून घेते आणि शिवाय स्वतःही त्या उत्सर्जित करते. महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी मोकळा झालेला प्रकाश आज याच लहरींच्या रूपात पोहोचतो आणि त्याच्या तापमानातले चढउतार एक लक्षांश इतकेच असतात. वाऱ्याबरोबर सरकणारे बाष्पाचे पुंजके असे चढउतार सहज झाकून टाकतात. ध्रुवावर सूर्य महिनोन्‌महिने उगवत नसल्याने हवा तापणे-निवणेही थांबते आणि आकाश दीर्घकाळ एकसारखे राहते.

महास्फोटानंतरच्या या प्रकाशाचे ध्रुवीकरण, म्हणजे त्याच्या लहरींच्या कंपनांचा ठरावीक दिशेकडचा कल, २००२ मध्ये प्रथम टिपले ते इथल्याच ‘डासी’ या उपकरणाने. २००७ मध्ये दहा मीटर व्यासाची साउथ पोल टेलिस्कोप कार्यरत झाली. मात्र कोरडी हवा आपल्या आकाशगंगेतली धूळ दूर करू शकत नाही. विश्वाच्या पहिल्या क्षणांतल्या गुरुत्वीय लहरींची खूण सापडल्याचा इथल्याच ‘बायसेप-२’ दुर्बिणीचा २०१४ मधला दावा पुढच्याच वर्षी याच धुळीने निकालात काढला.

हवेच्या थरथरण्यामुळे ताऱ्यांच्या प्रतिमा विस्कटतात. त्या बाबतीत ध्रुवबिंदू स्वतः जरा कमनशिबी आहे, कारण तिथे जमिनीलगतचा अस्थिर थर जाड असतो. अंटार्क्टिकातल्याच ‘डोम सी’ आणि ४,०९३ मीटर उंचीच्या ‘डोम ए’ या हिमशिखरांवर मात्र तो खूपच पातळ असतो आणि त्याच्या वर प्रतिमा विलक्षण स्थिर दिसतात. उत्तर ध्रुवावर जमीनच नाही, समुद्र आहे. म्हणून तिकडच्या दुर्बिणी ग्रीनलँडसारख्या भूभागावर उभाराव्या लागतात.

आतापर्यंत हवेविषयी झाले. पण ध्रुवावर पायाखालचा बर्फही दुर्बिणीचे काम करतो. न्यूट्रिनो हे कण पृथ्वी आरपार भेदून जातात. त्यांतला एखादाच बर्फातल्या अणुकेंद्रकावर आदळतो, आणि त्यातून निघालेले भारित कण बर्फातल्या प्रकाशापेक्षा वेगाने धावत अंधुक निळा प्रकाश सोडतात. तो टिपायचा तर बर्फ प्रचंड हवा आणि पारदर्शकही हवा. ‘अमांडा’ प्रकल्पाचे पहिले संवेदक १९९३-९४ मध्ये ८०० ते १,००० मीटर खोल सोडले, तेव्हा तिथला बर्फ अडकलेल्या हवेच्या बारीक बुडबुड्यांनी भरलेला निघाला. त्यांवर प्रकाश इतका विखुरला की कणाची दिशा कळण्याची आशाच मावळली. बुडबुडे नाहीसे व्हायला आणखी खोल जावे लागते: सुमारे १,४०० मीटरच्या खाली दाब एवढा वाढतो की हवेचे रेणू बर्फाच्या स्फटिकरचनेतच सामावतात आणि बर्फ कमालीचा स्वच्छ होतो.

हा धडा घेऊनच ‘आइसक्यूब’ ही न्यूट्रिनो दुर्बीण उभारली गेली. गरम पाण्याच्या झोताने बर्फ वितळवत साधारण ६० सेंटिमीटर रुंदीचे आणि अडीच किलोमीटर खोलीचे विवर पाडायचे, पाणी गोठायच्या आत संवेदकांची माळ आत सोडायची, आणि मग बर्फाला ती कायमची गिळू द्यायची, अशी ही रीत होती. डिसेंबर २०१० पर्यंत अशा ८६ माळा आणि ५,१६० संवेदक घन किलोमीटरभर बर्फात पसरले. पृथ्वीच्या पोटातून वर येणारे कण न्यूट्रिनोखेरीज दुसरे असूच शकत नाहीत; म्हणून दक्षिण ध्रुवावरची ही दुर्बीण उत्तरेकडचे आकाश अधिक निर्धोकपणे पाहते, तेही जमिनीतून! २२ सप्टेंबर २०१७ रोजी असाच एक कण आला. मिनिटभराच्या आत जगभरच्या वेधशाळांना सूचना गेली आणि त्याच दिशेला, अब्जावधी प्रकाशवर्षे दूर, प्रज्वलित अवस्थेतली एक दीर्घिका आढळली. तिच्या केंद्रातले कृष्णविवर कणांचा झोत थेट आपल्या दिशेने फेकत होते.

सगळीच माहिती इतक्या तत्परतेने बाहेर पडत नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये साउथ पोल टेलिस्कोपने कृष्णविवरांच्या प्रतिमांसाठी घेतलेली निरीक्षणे इतकी प्रचंड होती की उपग्रहामार्फत ती पाठवणे अशक्य होते. हिवाळ्यात विमाने उतरत नाहीत, त्यामुळे त्या हार्ड डिस्क ध्रुवावरच पडून राहिल्या आणि डिसेंबरमध्ये प्रयोगशाळेत पोहोचल्या. आइसक्यूबच्या संवेदकांना तर तेवढीही वाट मोकळी नाही. बर्फात गोठलेला संवेदक दुरुस्तीसाठी कधीच वर काढता येत नाही, आणि तरीही त्यांतले सुमारे ९८ टक्के अजून चालू आहेत.