एकी म्हणजे सगळ्यांचा मसलक एकच, हे चुकीचंय

मुसलमानांची एकी व्हायची तर आधी सगळ्यांनी एकच मसलक (म्हणजे पंथ, विचारधारा) धरला पाहिजे, हे किती वर्षं ऐकतोय आपण, पण ते खरं नाहीये. कुरआनमध्ये (3:103) अल्लाहची दोरी सगळ्यांनी मिळून घट्ट धरा, फुटू नका असं सांगितलंय, फिकहचे (धार्मिक कायदे-नियमांचे) मतभेद मिटवा असं तिथे कुठेय? 2005 साली जॉर्डनमधल्या अम्मानला 50 हून जास्त देशांचे जवळपास 200 उलमा (धर्मपंडित) जमले, त्यांनी हनफी, मालिकी, शाफई, हंबली, जाफरी, झैदी, इबाजी, जाहिरी असे आठही मजहब (फिकहच्या परंपरा) मान्य केले आणि यांच्यातल्या कुणालाच काफिर म्हणायचं नाही असं स्पष्ट सांगितलं. शिया-सुन्नी दोघंही त्यात होते बरं का! नमाजमध्ये हात कुठे बांधायचे यावरून सलाम बंद करणारे बघितले की खरंच फार वाईट वाटतं.