ऑक्टोबरची जपमाळ: कोल्हापूरच्या कॅथलिक घरांतल्या एका प्रार्थनेची पार्श्वभूमी

ऑक्टोबर लागला की कोल्हापुरातल्या कॅथलिक घरांत संध्याकाळची जपमाळ सुरू होते. आज एकाकडे, उद्या दुसऱ्याकडे, असा महिनाभर फेरा चालतो. टेबलावर पांढरा कपडा, त्यावर मरियामातेची लहानशी मूर्ती, दोन मेणबत्त्या आणि नवरात्रासाठी बाजारात आलेली शेवंती. तासाभरात सगळं आटोपतं, मग चहा आणि भडंग.

शेजाऱ्यांना यात एक गोष्ट बुचकळ्यात टाकते. कोल्हापुरात ख्रिस्ती समाज म्हटला की बहुतेकांना अमेरिकन मिशन आठवतं. रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये इथे आले, त्यांच्या नावाचं वाइल्डर मेमोरियल चर्च न्यू शाहूपुरीत दिमाखात उभं आहे आणि मिशनच्या शाळांत शहराच्या कित्येक पिढ्या शिकल्या. त्या प्रॉटेस्टंट परंपरेत जपमाळ नाही, मरियेला घातलेलं साकडंही नाही. कॅथलिक म्हणजे इथे बहुतेकांच्या लेखी होली क्रॉस आणि सेंट झेवियर्स या शाळा. त्यामुळे ‘तुम्ही ख्रिस्तीच ना, मग हातात माळ कशी?’ हे विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. पण उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, कारण ते शोधायला युरोपातल्या मठांपर्यंत आणि तिथून गोव्यामार्गे घाट चढून परत यावं लागतं. माझं म्हणणं एवढंच आहे की जपमाळ वाचता न येणाऱ्यांची प्रार्थना म्हणून सुरू झाली, आणि जिथे धर्मगुरू रोज पोहोचू शकत नव्हते तिथे तिने धर्मग्राम, म्हणजे एका चर्चभोवतीचा भाविकांचा समुदाय, धरून ठेवलं. कोल्हापूर जिल्हा अशाच ठिकाणांपैकी एक.

मध्ययुगातल्या मठांत बायबलमधली १५० स्तोत्रं नेमाने म्हटली जात, लॅटिनमध्ये. मठात शेतीची, स्वयंपाकाची, गोठ्याची कामं करणारे बंधू मात्र निरक्षर असत. त्यांनी स्तोत्रांच्या जागी ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ ही प्रार्थना तितक्याच वेळा म्हणावी, अशी सोय झाली. मोजायला गाठी मारलेली दोरी, पुढे मणी. ही पद्धत मठाबाहेर इतकी पसरली की तेराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये माळा करणाऱ्या कारागिरांचे वेगवेगळे संघ होते: कुणी हाड आणि शिंगाचे मणी करी, कुणी पोवळ्याचे, कुणी अंबरचे. त्याच सुमारास ‘नमो मरिया’ ही प्रार्थना लोकांच्या तोंडी रुळत होती. तिचा पहिला भाग सरळ लूकच्या शुभवर्तमानातला आहे: गब्रिएल दूताने मरियेला केलेलं वंदन आणि अलिशिबेने तिला दिलेला आशीर्वाद. ‘आम्हा पाप्यांसाठी विनंती कर’ हा दुसरा भाग नंतर जुळत गेला आणि १५६८ च्या रोमन प्रार्थनाग्रंथात आजच्या रूपात कायम झाला. १५० स्तोत्रांच्या जागी १५० ‘नमो मरिया’ असा हा हिशोब.

नुसता जप करताना मन भरकटतं, हे जप करणाऱ्या कुणालाही सांगायला नको. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या त्रिअर इथल्या कार्थुसियन संघाच्या मठातल्या प्रशियाच्या डॉमिनिकने त्यावर तोड काढली. ५० ‘नमो मरिया’ आणि प्रत्येकीला येशूच्या आयुष्यातल्या एकेका प्रसंगाची ओळ. पुढे या प्रसंगांची छाटणी होत होत १५ प्रसंग उरले, त्यांना रहस्यं म्हणतात: पाच आनंदाची, पाच दुःखाची, पाच गौरवाची. बोटं मणी मोजतात, ओठ प्रार्थना म्हणतात आणि मन येशू जन्मला त्या गोठ्यात, गेथशेमनेच्या बागेत किंवा कालवारीच्या टेकडीवर असतं. जपमाळेला मरियेची भक्ती म्हणतात, पण तिच्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत येशूचीच कथा सांगितली जाते. आमच्या प्रॉटेस्टंट बांधवांशी बोलताना हे आवर्जून सांगावंसं वाटतं.

परंपरेने एक कथा सांगितली जाते की मरियामातेने तेराव्या शतकात डॉमिनिकन संघाचे संस्थापक संत डॉमिनिक (प्रशियाचा डॉमिनिक वेगळा) यांना दर्शन देऊन जपमाळ हाती दिली. बहुतेक चर्चमधल्या चित्रांत तोच प्रसंग असतो. डॉमिनिक यांच्या काळच्या कागदपत्रांत मात्र याचा उल्लेख सापडत नाही. ही कथा अडीचशे वर्षांनी, त्यांच्याच संघातल्या अलॅन दे ला रोश यांच्या प्रचारातून पसरली. त्याने माझ्या श्रद्धेला धक्का लागत नाही. उलट एका दर्शनापेक्षा तीनशे वर्षं हजारो अनाम माणसांनी घासूनपुसून घडवलेली प्रार्थना मला जास्त जवळची वाटते. अलॅन यांचं खरं मोठं काम वेगळं होतं. त्यांनी जपमाळेची मंडळं उभी केली. १४७५ मध्ये कोलोन शहरात असं मंडळ निघालं, त्याला वर्गणी नव्हती. बाई असो, मोलकरीण असो, नोंदवहीत नाव घातलं की झालं. मेलेल्या नातेवाइकांचंही नाव घालता येई. मध्ययुगातल्या बहुतेक धार्मिक मंडळांना प्रवेशासाठी पैसे लागत, हे लक्षात घेतलं तर ही केवढी मोकळीक होती ते कळतं.

१५६९ मध्ये पोप पायस पाचवे यांनी जपमाळेच्या या रूपाला अधिकृत मान्यता दिली. ७ ऑक्टोबर १५७१ रोजी लेपांतोच्या समुद्रात ख्रिस्ती आरमाराने ऑटोमन आरमाराचा पराभव केला. रोममध्ये त्यासाठी जपमाळ चालली होती, म्हणून पोपनी तो दिवस ‘विजयमाते’चा सण ठरवला. १५७३ मध्ये पुढच्या पोपनी त्याला जपमाळेच्या मातेचा सण असं नाव दिलं. ऑक्टोबरचा संबंध हा असा लढाईतून आला. आज इथे माळ हातात घेणाऱ्या कुणाच्या मनात ती लढाई नसते, आणि नाव बदललं गेलं ते फार चांगलं झालं. अख्खा ऑक्टोबर जपमाळेला वाहिला गेला तो मात्र खूप उशिरा, पोप लिओ तेरावे यांच्या १८८३ च्या पत्रानंतर.

आता गोवा. १५१० मध्ये अफोंसो द अल्बुकेर्कने गोवा घेतला, आणि जुन्या गोव्यातल्या ज्या टेकडीवरून त्याने लढाई पाहिली असं सांगतात, तिथे सोळाव्या शतकाच्या मध्याला जपमाळेच्या मातेचं चर्च उभं राहिलं. ते अजून आहे. १५४८ मध्ये डॉमिनिकन संघाचे धर्मगुरू गोव्यात आले आणि जपमाळेची भक्ती गावोगाव गेली. त्या काळावर सक्तीची आणि १५६० पासूनच्या इन्क्विझिशनची, म्हणजे श्रद्धेतून ढळलेल्यांना शिक्षा करणाऱ्या धर्मन्यायालयाची, काळी सावली आहे. भक्तीचा इतिहास सांगताना ती झाकून चालणार नाही. पण त्याच गोव्यात थॉमस स्टीफन्स हे जेझुइट संघाचे इंग्रज धर्मगुरू मराठी शिकले आणि १६१६ मध्ये रायतूर इथे त्यांचं क्रिस्तपुराण, म्हणजे ओवीबद्ध बायबलकथा, छापून निघालं. जवळपास ११ हजार ओव्या. एकनाथांना जाऊन जेमतेम १७ वर्षं झाली होती. रविवारी मिस्सा, म्हणजे धर्मगुरूंनी चालवायची चर्चमधली मुख्य उपासना, झाली की चर्चमध्ये हे पुराण वाचलं जाई. गब्रिएल दूत नासरेथला आला ती कथा, म्हणजे आनंदाचं पहिलं रहस्य, लोकांनी ओवीत ऐकली. मिस्सा लॅटिनमध्ये, पुराण मराठीत आणि घरातली प्रार्थना कोकणीत, अशी ती रचना होती. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने कोकणीवर बंदीचा हुकूम काढला, तरी घराच्या चार भिंतींतली तेर्स चालूच राहिली. पन्नास मण्यांच्या, म्हणजे दीडशेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या जपमाळेला गोव्याकडची माणसं आजही तेर्स म्हणतात.

ही गोव्याकडची माणसं वेगवेगळ्या काळात घाट चढून वर आली. आजरा-गडहिंग्लजच्या बाजूला घरी कोकणी आणि बाजारात अस्सल कोल्हापुरी बोलणारी कॅथलिक कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. शहरात नोकरीच्या निमित्ताने मंगळूरची, केरळची आणि नगरकडची मराठी कुटुंबं त्यांच्यात मिसळली. सगळी मिळून संख्या थोडी, वस्ती विखुरलेली. अशा ठिकाणी माळेची रचनाच कामाला आली. ती जवळून पाहण्यासारखी आहे. खाली क्रूस, मग एक मोठा मणी, तीन लहान, पुन्हा एक मोठा, मग मरियेचं पदक आणि तिथून दहा-दहा लहान मण्यांची पाच घरं, मध्ये मध्ये एकेक मोठा मणी. एकूण ५९. म्हणणारा ‘नमो मरिया’चा अर्धा भाग म्हणतो, उरलेला अर्धा बाकीचे पूर्ण करतात. याला पुस्तक लागत नाही, वेदी लागत नाही, धर्मगुरूही लागत नाही. पहिलं घर आजी सांगते, दुसरं शाळेतून आलेला नातू, तिसरं ज्यांच्याकडे माळ आहे त्या घरची सून. मिस्सेला फादर हवेतच. जपमाळेला बाप्तिस्मा झालेलं कुणीही पुरतं, आणि आमच्याकडे ते काम मुख्यतः बायकांनीच चालवलं आहे.

मिस्सा लॅटिनमध्ये होती तोवर तर चर्चमध्येही हीच परिस्थिती होती. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून लॅटिन म्हणत, आणि मागे बाकांवर कित्येक जण हळू आवाजात आपली माळ ओढत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषेला वाट करून दिली आणि मिस्सा मराठीत आली. १९७४ मध्ये पोप पॉल सहावे यांनी स्पष्ट केलं की मिस्सेदरम्यान जपमाळ म्हणू नये, मिस्सेत प्रत्यक्ष भाग घ्यावा. ते योग्यच होतं. माळ घरी परतली, जिथे ती आधीपासून होतीच. २००२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी येशूच्या सार्वजनिक जीवनावरची पाच प्रकाशाची रहस्यं तिच्यात घातली. कोणत्या वारी कोणती रहस्यं हे ठरलेलं असतं, त्यामुळे गुरुवारी आता काना इथलं लग्न आणि शेवटचं भोजन येतं. जुन्या बायका अजूनही गुरुवारी चुकून आनंदाच्या रहस्यांना सुरुवात करतात, मुलं थांबवतात.

‘मग तुम्ही मरियेची पूजा करता का?’ हा पुढचा प्रश्न. अंबाबाईच्या गावात, नवरात्राच्या दिवसांत, तो येणारच. इ.स. ४३१ मध्ये एफेसस इथल्या परिषदेने मरियेला ‘देवमाता’ म्हटलं आणि ७८७ मध्ये निकेयाच्या दुसऱ्या परिषदेने आराधना व सन्मान यांत रेष आखली: आराधना फक्त देवाची, संतांचा आणि मूर्तींचा सन्मान. मरियेकडे आम्ही ‘आमच्यासाठी विनंती कर’ एवढंच मागतो. शब्दांत हा फरक स्वच्छ आहे. पण आईपुढे गाऱ्हाणं मांडायची ओढ इथल्या मातीत किती खोल आहे ते कोल्हापूरकराला वेगळं सांगावं लागत नाही, आणि शेजारच्या काकू जपमाळेला येऊन शेवटपर्यंत हात जोडून बसतात तेव्हा मला त्याचा आनंदच होतो.

मराठी कॅथलिकांची सर्वांत मोठी मरियामातेची यात्रा इथून दूर, श्रीरामपूर तालुक्यात हरेगावला भरते. बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्याचं ते गाव. १९४९ पासून दर सप्टेंबरमध्ये, मरियेच्या जन्मदिवसाच्या सुमारास, मतमाउलीच्या दर्शनाला तिथे लाखो लोक येतात, त्यांत इतर धर्मांचेही असतात. कोल्हापूर जिल्ह्यात एवढी मोठी यात्रा नाही. इथली भक्ती घराच्या आकाराची आहे.

कोल्हापूर आधी १८८६ मध्ये स्थापन झालेल्या पुणे धर्मप्रांतात, म्हणजे पुण्याच्या बिशपांच्या अखत्यारीत, होतं. २००५ मध्ये सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि कोल्हापूर या तीन जिल्ह्यांचा सिंधुदुर्ग धर्मप्रांत झाला, आणि बिशपांचं ठाणं आंबोली घाटाखाली सावंतवाडीला आलं. अंतर कमी झालं, तरी जिल्ह्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत विखुरलेल्या घरांपर्यंत रोज कोण पोहोचणार? तिथे माळच पोहोचते. काळजी वेगळीच आहे. मुलं इंग्रजी माध्यमात शिकतात, माळ इंग्रजीतून म्हणतात, आणि माळेनंतरची मरियेची लितानी, म्हणजे तिच्या नावांची प्रार्थनामालिका, कोकणीत तोंडपाठ म्हणणाऱ्या आज्या आता थोड्याच उरल्या आहेत. प्रत्येक गावाची तिची चाल वेगळी आहे, कागदावर ती उतरत नाही. मोबाइल आज प्रत्येकाच्या खिशात आहे. येत्या ऑक्टोबरमध्ये ज्या ज्या घरी माळ जाईल तिथे आजीला पुढे बसवून तिच्या आवाजात लितानी रेकॉर्ड करावी आणि खाली गाव व कुटुंबाचं मूळ ठिकाण लिहून धर्मग्रामाच्या कचेरीत द्यावी, अशी माझी सगळ्या तरुण मंडळींना विनंती आहे.