खुंटी, गादी आणि चिक्की

मे महिन्यात गंगापूर रोडला एका मित्राकडे गेलो, तर पाहुण्यांच्या गादीवर सायकलची दोन चाकं आडवी. कार्बनची, जोडीची किंमत मोटारसायकलएवढी. भिंतीला का टांगत नाहीस, विचारलं. म्हणाला, "टांगली की स्वतःच्या वजनानं लंबगोल होतात." हाच गृहस्थ रविवारी त्र्यंबकपर्यंत जाऊन आला की सायकल डिकीत घालतो, गाडी उन्हात लावतो आणि तासभर मिसळ खात बसतो.

डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिककर भावांनी २०१५ मध्ये 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही अमेरिका आडवी ओलांडणारी सायकल शर्यत जोडीनं पूर्ण केली. तेव्हापासून इथे सायकलीवर पैसे उधळणाऱ्यांना घरी बोलणी जरा कमी बसतात. पण चाकं जपायच्या कल्पना मात्र अजून लोणच्याच्या बरणीच्या.

खुंटीचं आधी उरकतो. पुढचं चाक टायरसकट किलोभराचं. त्यातला एकेक स्पोक साधारण १०० किलोच्या ताणानं रिमला आत खेचत असतो. असे २४ स्पोक, रात्रंदिवस. त्या रिमला टांगल्यावर येणाऱ्या एका किलोचं काय कौतुक? खुंटीवर रबर असावं, म्हणजे ओरखडे पडत नाहीत, इतकंच.

आता डिकी. त्यासाठी चिक्की समजून घ्यावी लागेल. शेंगदाणे म्हणजे कार्बनचे धागे, गुळाचा पाक म्हणजे त्यांना धरून ठेवणारा इपॉक्सी नावाचा डिंक. धागे १००० अंशांच्या वर भाजून तयार झालेले असतात, नाशिकचं ऊन त्यांच्या खिजगणतीतही नाही. प्रश्न पाकाचा. चांगला पाक गार होताना त्याचे स्फटिक होत नाहीत, रेणू जिथे असतील तिथे थिजतात. ही एक प्रकारची काचच, म्हणून चिक्की कडाड मोडते. पावसाळ्यात डबा उघडा राहिला की तीच चिवट होते. घर काही तेवढं तापलेलं नसतं. हवेतलं पाणी रेणूंच्या मधे शिरतं, त्यांना हलायला जागा मिळते आणि ज्या तापमानाला काच मऊ पडते ते 'काचसंक्रमण तापमान' घसरत घसरत खोलीच्या तापमानाला टेकतं.

इपॉक्सीच्या साखळ्या रासायनिक गाठींनी बांधलेल्या, त्यामुळे तो वितळून वाहत नाही. पण काचसंक्रमणाची ही रेषा ओलांडली की गाठींमधले तुकडे वळवळू लागतात आणि ताठपणा जातो. खरी गंमत पुढे आहे. साच्यात इपॉक्सी पिकत, म्हणजे कडक होत असताना गाठी वाढतात तसतसं त्याचं काचसंक्रमण तापमानही चढत जातं. ते साच्याच्या तापमानापाशी पोचलं की रेणू थिजतात, उरलेली टोकं एकमेकांना भेटूच शकत नाहीत आणि अभिक्रिया रेंगाळते. इपॉक्सी आपल्याच हातानं आपल्याला कोंडून घेतो! म्हणून जितक्या उष्णतेत पिकवाल, साधारण तितकीच उष्णता तो पुढे सोसेल.

१२० अंशांवर पिकवलेलं रिम डिकीतल्या ६५ अंशांना भीक घालत नाही. पण तडा गेल्यावर खोलीच्या तापमानाला सुकणारा इपॉक्सी लावून बुजवलेलं? त्या ठिगळाची मर्यादा ५०-६० अंशांवरच संपू शकते. 'एअरोस्पेस ग्रेड कार्बन' असं स्टिकर मिरवणाऱ्यांना म्हणूनच मी धाग्याचं नाही, डिंकाचं विचारतो. उत्तर क्वचितच मिळतं.

टायरमधल्या हवेचंही तसंच. काही नव्या रिमना टायर धरणारा आतला हुक नसतो, त्यांची दाबाची मर्यादा ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआय. सकाळी ३० अंशांना तुम्ही ६५ पीएसआय भरलेत. गाडीत झाले ६५ अंश. शाळेतला नियम लावा, केल्विनमध्ये (अंश अधिक २७३): ६५ अधिक बाहेरच्या हवेचे १४, गुणिले ३३८, भागिले ३०३, वजा १४. उत्तर ७४. मिसळीचा कट संपायच्या आत मर्यादा ओलांडली. डिकीत घालण्याआधी थोडी हवा सोडायला किती वेळ लागतो? आणि एका चाकाची गिअरची चक्रं दुसऱ्याच्या रिमवर टेकवू नका. असा टोचा बाहेर नुसता चरा दाखवतो, आत थर सुटलेले असू शकतात.

पावसाळ्यात मात्र भिजलेली चाकं पिशवीत घालून पिशवीची चेन लावू नये. कार्बन विजेचा वाहक आहे. त्याला लागून स्पोक रिमला आवळून धरणारे अ‍ॅल्युमिनियमचे निपल आणि मधे घामाचं खारट पाणी, म्हणजे झाली बॅटरी तयार. तिच्यात झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. निपलभोवती पांढरी भुकटी दिसली तर ती पावडर कोटिंगची नव्हे.

मित्रानं शेवटी खुंट्या ठोकल्या, पश्चिमेच्या भिंतीवर. वास्तूवाल्यानं म्हणे जड वस्तूंना तीच दिशा सांगितली होती. दुपारी तीननंतर ती भिंत तव्यासारखी तापते. रिमला काही होणार नाही, फार तर टायरमधलं सीलंट, म्हणजे पंक्चर बुजवणारा द्रव, लवकर सुकेल, म्हणून मी गप्प बसलो.