टॅपची गिनेस आणि बाटलीतली गिनेस

दाजी पहिल्यांदा डब्लिनला आले, त्या शनिवारी मी त्यांना पूलबेग स्ट्रीटवरच्या मलिगन्स या पबमध्ये नेलं. दुपारी तीनची वेळ होती, गर्दी नव्हती. मी मुद्दाम दोन गोष्टी मागवल्या: टॅपवरून, म्हणजे बारच्या तोटीतून, भरलेला एक पाइंट (मोठा ग्लास) आणि मागच्या फळीवरची, फ्रिजमध्ये न ठेवलेली एक बाटली. दोन्हींवर नाव एकच, गिनेस, ही डब्लिनची काळी बिअर; रंगही एकच. दाजींनी आधी पाइंटचा घोट घेतला, मिशीला लागलेला फेस पुसला, मग बाटलीतली ग्लासात ओतून चाखली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "अरे, ही दुसरीच आहे की. तू तर म्हणालास दोन्ही गिनेस."

"दोन्ही गिनेसच, दाजी. पण बिअर दोन आहेत."

गेली सहा वर्षं मी या शहरातल्या पबांतून स्टाउट, म्हणजे गिनेससारखी काळी बिअर, पितोय आणि वहीत गुण लिहितोय. पहिल्या वर्षी मी टॅपची आणि बाटलीची एकाच रकान्यात मांडली. एका चांगल्या पबला त्यामुळे कमी गुण गेले, कारण त्या दिवशी मी तिथे बाटली प्यायलो होतो आणि तुलना करत होतो आदल्या आठवड्याच्या टॅपच्या पाइंटशी. ती नोंद मला अजून टोचते. इथे नव्याने आलेली आपली मंडळीही हाच घोळ करतात. दुकानातून बाटली आणतात, घरी उघडतात आणि म्हणतात, "पबमधल्यासारखी लागत नाही, शिळी असणार." शिळी नसते. ती तशीच लागायला हवी असते.

आधी दोन्हींत समान काय ते सांगतो. आर्थर गिनेसने 1759 साली सेंट जेम्सेस गेटची जागा 9000 वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली, वर्षाला 45 पौंडांवर. सुरुवातीला तिथे एल नावाची वेगळ्या प्रकारची बिअर बनायची. काळी पोर्टर बिअर मूळची लंडनची. तिथल्या ओझी वाहणाऱ्या हमालांची ती आवडती, म्हणून नाव पोर्टर. त्यातली जोरकस ती 'स्टाउट पोर्टर', आणि पुढे नुसती स्टाउट. 1799 साली गिनेसने एल बंद केली आणि सगळा जोर काळ्या बिअरवर लावला. पोर्टर आणि स्टाउट यांच्यातली रेघ आज इतकी पुसट आहे, की त्यावर वाद घालण्यात मला रस नाही.

काळा रंग येतो भाजलेल्या जवापासून. आपल्याकडे थालीपिठाची भाजणी करताना धान्य तांबूस झालं, खमंग वास सुटला की कढई उतरवतात. इथे जव त्याच्या कितीतरी पुढे नेतात, 230 अंशांच्या आसपास, कॉफीच्या बीसारखा काळा होईपर्यंत. करपण्याच्या एक पाऊल अलीकडे थांबायचं असतं. त्या भाजण्यातून कॉफीची, काळ्या चॉकलेटची चव येते आणि मागे एक कोरडा कडवटपणा राहतो. ग्लास उजेडासमोर धरा, तळाशी लालसर माणकासारखी झाक दिसेल. ही चव आणि ही झाक दोन्ही गिनेसमध्ये आहे. यापुढे वाटा फुटतात.

टॅपच्या पाइंटची गोष्ट वायूची आहे. पूर्वी आयरिश पबमध्ये स्टाउट दोन पिंपांतून भरत. एकातली ताजी, उसळणारी; दुसऱ्यातली मुरलेली, शांत. आधी एकीचा फेस बसू द्यायचा, मग दुसरी घालून ग्लास पुरा करायचा. हे हाताचं कसब होतं आणि बारमन बदलला की पाइंट बदलायचा. गिनेसमध्ये काम करणाऱ्या मायकेल अ‍ॅश या गणितज्ञाने यावर वर्षानुवर्षं डोकं लावलं आणि 1959 साली, कंपनीच्या दोनशेव्या वर्षी, नायट्रोजनवर चालणारी ड्राफ्ट, म्हणजे टॅपची, गिनेस बाजारात आली. म्हणजे आज ज्याला लोक 'पूर्वापारचा पाइंट' म्हणतात, तो माझ्या वडिलांच्या पिढीचा आहे.

नायट्रोजन बिअरमध्ये फारच कमी विरघळतो, कार्बन डायऑक्साइडच्या मानाने नगण्य. म्हणून केगमध्ये, म्हणजे बिअरच्या धातूच्या पिंपात, दोन्हींचं मिश्रण बऱ्याच दाबाने देतात, त्यात साधारण पाऊण हिस्सा नायट्रोजनचा. टॅपच्या तोंडात बारीक भोकांची एक चकती असते. बिअर त्यातून दाबाने निघते, तेव्हा विरघळलेला वायू असंख्य बारीक बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो. हे बुडबुडे सहजी मोठे होत नाहीत, फुटतही नाहीत. त्यांचाच तो सायीसारखा घट्ट फेस. शिवाय कार्बन डायऑक्साइड कमी असल्याने जिभेला टोचणारी आंबट चुणचुण जवळपास नसते. पाइंट मऊ लागतो, तो यामुळे.

भरताना एकदा नीट बघा. बारमन ग्लास तिरका धरतो, पाऊण भरतो आणि काउंटरवर ठेवून देतो. आत तपकिरी ढग खवळतात आणि काचेच्या कडेने बुडबुडे चक्क खाली जाताना दिसतात. डोळ्यांचा भ्रम नाही तो, ते खरंच खाली जातात. लिमरिक विद्यापीठातल्या गणितज्ञांनी 2012 साली दाखवून दिलं, की याचं कारण ग्लासचा आकार आहे. ग्लास वर रुंद होत जातो, त्यामुळे काचेलगत बुडबुडे विरळ आणि बिअर जड पडते. ती कडेने खाली वाहते आणि बुडबुड्यांना सोबत ओढून नेते. मधोमध सगळं वर चढत असतं. मग ढग निवळतात, खालून काळोख चढत येतो आणि वर मलईच्या रंगाची पट्टी उरते. त्यानंतर टॅपची मूठ मागे ढकलून उरलेला ग्लास सावकाश भरतात. कंपनी या सगळ्याला 119.5 सेकंद सांगते. मी घड्याळ लावत नाही, पण पाऊण ग्लास पुरता निवळायच्या आधीच वरून भरणाऱ्या पबचा मी एक गुण कापतो.

बाटलीतली गिनेस म्हणजे एक्स्ट्रा स्टाउट, तिच्यात हा प्रकारच नाही. तिथे नायट्रोजन नाही, साधा कार्बन डायऑक्साइड. ओतली की फसफसते, फेस तपकिरी आणि मोठ्या बुडबुड्यांचा येतो आणि काही मिनिटांत बसतो. पहिल्याच घोटाला जीभ चुणचुणते. पण याच वायूमुळे वास वर येतो. ग्लास नाकाशी न्या: भाजलेलं धान्य, थोडी काकवी, थोडा आंबूसपणा. टॅपच्या पाइंटला असा वास फारसा येत नाही. वर फेसाचं झाकण, त्यात 6 अंशांच्या आसपासचा गारवा, सुगंध दबून जातो. बाटलीत कडवटपणा कोरडा आणि टोकदार, टॅपवर तोच गोल आणि सौम्य. आयर्लंडात दोन्हींची मद्यार्काची टक्केवारी जवळपास सारखी आहे, सव्वाचारच्या आसपास, म्हणून बाटली 'कडक' लागते ती वायूमुळे.

माझं मत विचाराल तर चवीचा गाभा बाटलीत जास्त उघडा दिसतो. आयर्लंडातल्या खेड्यांच्या पबात आजही म्हातारे गृहस्थ 'लार्ज बॉटल' मागतात, तीही फळीवरची, गार न केलेली. त्यांना या फरकाची पुरती जाण आहे.

दोन भावंडांमुळे गोंधळ आणखी वाढतो. एक, ड्राफ्ट गिनेसचा कॅन. हलवून पाहा, आत गोळी खुळखुळते. तिला विजेट म्हणतात. कॅन उघडला की ती नायट्रोजन सोडते आणि टॅपसारखा फेस घरीच तयार होतो. तेव्हा कॅन असला तरी तो टॅपच्या बाजूचा. दुसरी, फॉरेन एक्स्ट्रा स्टाउट, 7.5 टक्क्यांची. तिचं मूळ 1801 च्या वेस्ट इंडिया पोर्टरमध्ये आहे. कॅरिबियनपर्यंतच्या लांब समुद्रप्रवासात बिअर टिकावी म्हणून तिच्यात हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आणि मद्यार्क दोन्ही वाढवले होते. ती बाटलीच्या बाजूची, पण तिला साध्या एक्स्ट्रा स्टाउटच्या शेजारी बसवून गुण देऊ नका, साधी बिचारी पाणीदार वाटेल.

आणि पुण्यामुंबईच्या ब्रू-पबमध्ये स्टाउट मागवत असाल तर लक्षात ठेवा, टॅपवर आहे म्हणजे नायट्रोजनवर आहे असं नाही. तिथली टॅपची स्टाउट कार्बन डायऑक्साइडवरही असू शकते. आधी विचारून घ्या आणि मग सायीच्या फेसाची अपेक्षा ठेवा.

आता गुणांकडे. डब्लिनमधली प्रत्येक टॅपची गिनेस सेंट जेम्सेस गेटहूनच येते. बिअर एक, कारखाना एक, काही पब तर तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. तरी ग्लासनेव्हिनच्या कबरस्तानाला लागून असलेल्या कॅव्हनामधला पाइंट आणि गल्लीतल्या एखाद्या पबमधला पाइंट यांत फरक पडतो. मग फरक कुठला? केग किती लवकर संपतो त्याचा. 50 लिटरच्या केगमधून 568 मिलिलिटरचे 88 पाइंट निघतात. खपाच्या पबमध्ये तो बघता बघता रिकामा होतो, जिथे चार माणसं येतात तिथे बिअर खोळंबून राहते. तळघरातून टॅपपर्यंतचा पाइप किती लांब, कितीदा धुतला, वायूचं मिश्रण बरोबर आहे का, ग्लास कशात धुतला, हे सगळं पबच्या हातात. टॅपच्या पाइंटला दिलेले गुण हे त्या पबच्या घरकामाला दिलेले असतात.

बाटलीचं तसं नाही. कारखान्यात बूच लागलं की तिचं नशीब ठरलं. पबने ती उन्हात ठेवली नाही, तारीख बघितली, स्वच्छ ग्लास दिला, की त्याचं काम संपलं. बाटलीला गुण द्या, जरूर द्या, पण ते बिअरच्या खात्यात लिहा. पबच्या खात्यात लिहू नका.

टॅपच्या पाइंटमध्ये मी काय बघतो? फेसात डोळ्यांना दिसणारे मोठे बुडबुडे नकोत. असतील तर वायूचं मिश्रण बिघडलंय किंवा ग्लासला तेलकटपणा किंवा साबण राहिलाय. प्रत्येक घोटानंतर काचेवर फेसाचं एक कडं उरायला हवं. रिकाम्या ग्लासवर पाच-सहा कडी एकाखाली एक दिसली की ग्लास स्वच्छ होता, हे कळतं. मग वास. लोण्यासारखा किंवा व्हिनेगरसारखा वास आला तर पाइप धुतलेला नाही. एकदा नदीकाठच्या एका पबमध्ये असाच व्हिनेगरचा भपकारा आला. रविवारी सकाळी दार उघडताच गेलो होतो, म्हणजे रात्रभर पाइपमध्ये राहिलेली बिअर माझ्या वाट्याला आली. मी बारमनला हळूच सांगितलं. त्याने स्वतः वास घेतला, मान हलवली आणि न बोलता दुसरा भरून दिला. दुसरा उत्तम होता. तेव्हापासून मी दिवसातला पहिला पाइंट मोजत नाही.

ग्लासवर छापलेल्या गिनेसच्या 'जी' अक्षराच्या मधोमध बिअर आणि फेसामधली रेघ येईल असा पहिला घोट घ्यायची टूम सध्या जोरात आहे. खेळ म्हणून ठीक. त्याचा बिअरच्या दर्जाशी काडीचा संबंध नाही, आणि पहिला घोट घाईने घशाखाली ढकलला तर फेसातून येणारी ती गार, कडवट बिअर चाखायचीच राहते.

आयर्लंडबाहेर गिनेस बिघडते का, हे खरंच मोजून पाहिलं गेलंय. वेगवेगळ्या देशांच्या चार संशोधकांनी वर्षभरात 14 देशांतल्या 33 शहरांत, 71 पबांमध्ये 103 पाइंटांना गुण दिले आणि 2011 साली निष्कर्ष छापला: 100 पैकी आयर्लंडमध्ये सरासरी 74, बाहेर 57. मला त्यातली चिकाटी आवडते. मात्र पिणाऱ्याला आपण कुठे बसलोय हे माहीत असतं, आणि ते मनातून काढता येत नाही. मलिगन्सच्या काळवंडलेल्या लाकडाला मी नकळत अर्धा गुण देत असणार.

थोड्या नमुन्यांवरून किती ठामपणे बोलावं, या प्रश्नाचं उत्तर शोधणारा माणूसही गिनेसचाच. विल्यम सीली गॉसेट 1899 साली इथे नोकरीला लागला. जव आणि हॉप्सचे मोजकेच नमुने हातात असायचे, त्यावरून निर्णय घ्यायचे असायचे. त्याने 1908 साली 'स्टुडंट' या टोपणनावाने जी रीत छापली ती आज जगभर टी-चाचणी म्हणून शिकवतात. मी आकडेमोड करत नाही, पण एका पाइंटवरून पबवर शिक्का मारत नाही. तीन वेगळ्या दिवशी जातो, मग लिहितो.

आणि दिवसाला तीनच पब. तिसऱ्यानंतर जीभ दमते. अर्धा पाइंट पुरतो; इथे नुसतं 'ग्लास' म्हटलं की 284 मिलिलिटर मिळते. मध्ये पाणी प्या, खारे शेंगदाणे मात्र शेवटी खा, मिठाने कडवटपणा दबतो.

त्या शनिवारी दाजींनी माझी वही मागून घेतली. डाव्या पानावर त्यांनी मलिगन्सच्या पाइंटला 9 दिले आणि खाली लिहिलं, "फेस सायीसारखा, कडी सहा." उजव्या पानावर बाटलीसाठी 8, आणि बाजूला, "वास भाजणीचा. ही मी घरी नेणार." परतीच्या बॅगेत स्वेटरमध्ये गुंडाळून त्यांनी दोन बाटल्या कोल्हापूरला नेल्या.