मल्टिप्लेक्सर, लघुरूप (दूरसंचार)

अनेक दूरध्वनी संभाषणे व विदाप्रवाह एकाच तारेवरून, सूक्ष्मलहरी दुव्यावरून किंवा ऑप्टिकल फायबरवरून पाठवण्यासाठी एकत्र करणारे आणि दुसऱ्या टोकाला वेगळे करणारे उपकरण. पूर्वी या कामासाठी एक्स्चेंजमध्ये रॅकच्या रांगा लागत. तेच काम एकोणीस इंची रॅकच्या एका किंवा दोन खणांत करणाऱ्या उपकरणाला येथे लघुरूप म्हटले आहे. असा एक खण (१ यू) ४४.४५ मिमी. उंच असतो. प्रस्तुत नोंद कालविभाजन पद्धतीपुरती, म्हणजे एकच मार्ग अनेकांना आळीपाळीने क्षणभर देण्याच्या पद्धतीपुरती आहे. वारंवारता विभाजन व तरंगलांबी विभाजन या पद्धतींचा येथे विचार केलेला नाही.

कालविभाजन पद्धतीचे जनकत्व सर्वसाधारणपणे फ्रेंच तारयंत्रतज्ज्ञ एमिल बोदो यांना दिले जाते. त्यांचे पेटंट १८७४ चे आहे. फिरत्या ब्रशांचा वितरक प्रत्येक तारबाबूला आळीपाळीने क्षणभर तार मोकळी करून देई, हे त्याचे तत्त्व. मात्र अमेरिकेत मोझेस फार्मर यांनी १८५३ च्या सुमारास दोन्ही टोकांना समान वेगाने फिरणारे स्विच ठेवून हीच कल्पना मांडली होती. फ्रान्समध्ये बर्नार्ड मेयर यांचे यंत्रही बोदोंच्या थोडे आधीचे, बहुधा १८७० च्या दशकाच्या आरंभीचे आहे. कल्पनेच्या अग्रक्रमाचा मान फार्मर यांना द्यावा, पण दोन टोकांची चाके एका लयीत ठेवण्याचा प्रश्न रोजच्या वापरात टिकेल असा सोडवला तो बोदो यांनी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. या तंत्राचा पुढचा इतिहास मुख्यतः याच प्रश्नाचा आहे.

ध्वनीसाठी ही पद्धत उपयोगी पडली ती स्पंद-संकेत अधिमिश्रणामुळे (पीसीएम), म्हणजे आवाजाचे ठरावीक अंतराने मोजमाप घेऊन ते आकड्यांच्या रूपात पाठवण्याच्या रीतीमुळे. ॲलेक रीव्ह्ज या ब्रिटिश अभियंत्याने पॅरिसमध्ये काम करत असताना १९३८ मध्ये तिचे फ्रेंच पेटंट मांडले. निर्वात नलिकांच्या काळात ती परवडणारी नव्हती. ट्रान्झिस्टर आल्यावर १९६२ मध्ये अमेरिकेत बेल कंपनीची २४ चॅनेलांची टी-१ प्रणाली सुरू झाली. युरोपने ३० चॅनेलांची ई-१ प्रणाली स्वीकारली आणि भारतातही तीच रूढ झाली. तिच्यात सेकंदाला ८,००० चौकटी (बिटांचे ठरावीक आकाराचे गट) असतात व प्रत्येक चौकटीत आठ बिटांचे ३२ कालखंड असतात. शून्य क्रमांकाचा कालखंड चौकट ओळखण्यासाठी, सोळावा संकेतनासाठी (कॉल जोडण्या-तोडण्याच्या सूचनांसाठी) व उरलेले तीस संभाषणांसाठी असतात. एकूण वेग सेकंदाला २.०४८ मेगाबिट होतो. तंत्रज्ञांच्या बोलण्यातले ‘टू एमबी’ ते हेच.

ई-१ प्रवाह चारचारच्या गटांनी एकत्र करत ८.४४८, ३४.३६८ व १३९.२६४ मेगाबिटांपर्यंत नेण्याच्या श्रेणीला पीडीएच (जवळपास समकालिक श्रेणी) म्हणतात. येथे चार प्रवाहांची घड्याळे वेगवेगळी असतात. ई-१ च्या घड्याळाला दशलक्षात ५० इतकी चूक दोन्ही बाजूंनी मान्य असल्याने दोन प्रवाहांत सेकंदाला सुमारे २०५ बिटांपर्यंत फरक पडू शकतो. तो भरून काढण्यासाठी भरतीचे बिट घालतात. ते घातले की नाही हे प्रत्येक प्रवाहाचे तीन नियंत्रक बिट सांगतात आणि तिघांपैकी दोघांचे बहुमत प्रमाण धरले जाते. एखादा बिट वाटेत बिघडला तरी निर्णय चुकू नये, म्हणून ही योजना.

युक्ती नामी असली, तरी तिची किंमत मधल्या स्थानकाला मोजावी लागते. भरतीचे बिट कोठे आहेत हे त्या त्या पातळीवर प्रवाह उलगडल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे १३९.२६४ (व्यवहारात १४०) मेगाबिटांच्या मार्गावरील एखाद्या गावाला एकच टू एमबी उतरवून द्यायचा झाला, तरी १४० चे ३४, ३४ चे ८, ८ चे २ असे उतरावे लागे व उरलेले सगळे पुन्हा त्याच क्रमाने चढवावे लागे. म्हणजे निदान सहा उपकरणे आणि त्यांना जोडणाऱ्या केबलींचे वितरण चौकटीवरील (केबली जोडण्याच्या सांगाड्यावरील) जंजाळ.

उपकरणे लहान झाली ती एकात्मिक मंडलांमुळे, असे सामान्यतः लिहिले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. पीडीएचच्या सहा पेट्या एका चिपवर आणल्या, तरी उतरणे-चढणे सुटत नाही. ते सुटले एसडीएच या समकालिक श्रेणीने, जिच्यात सर्व उपकरणे एकाच घड्याळाच्या लयीत चालतात. अमेरिकेत बेलकोर या दूरध्वनी कंपन्यांच्या संशोधन संस्थेने १९८५ च्या सुमारास सॉनेट या समकालिक श्रेणीचा प्रस्ताव मांडला आणि १९८८ मध्ये सीसीआयटीटी या आंतरराष्ट्रीय दूरसंचार प्रमाणन समितीने एसडीएचच्या जी.७०७, जी.७०८ व जी.७०९ या शिफारशी मान्य केल्या. मधल्या वाटाघाटींत चौकटीच्या आकारावरून मोठा वाद झाला. अमेरिकी पक्षाला १३ ओळींची चौकट हवी होती, युरोपीय पक्षाला ९ ओळींची. नऊ ओळींत टी-१ तीन स्तंभांत (२७ बाइट) व ई-१ चार स्तंभांत (३६ बाइट) नेमका बसतो. अखेर नऊ ओळी ठरल्या. अमेरिकी पायाभूत वेग ५१.८४ मेगाबिट झाला व त्याची तिप्पट, १५५.५२ मेगाबिट, ही एसटीएम-१ या एसडीएचच्या पहिल्या पायरीची जागतिक पातळी ठरली. तडजोड म्हणून हिच्याकडे पाहिले जाते, परंतु गणिताच्या दृष्टीने निवड उत्तमच होती.

एसटीएम-१ ची चौकट ९ ओळी व २७० स्तंभांची असते. तिच्यातील निर्देशक (पॉइंटर) आतील प्रवाह कोठे सुरू होतो ते आकड्याने सांगतो. घड्याळात फरक पडला की निर्देशकाचा आकडा बदलतो, आतील माल उलगडावा लागत नाही. या सोयीमुळे ॲड-ड्रॉप मल्टिप्लेक्सर (एडीएम) शक्य झाला. तो जाणाऱ्या प्रवाहातून हवा तो टू एमबी काढतो, त्या जागी नवा घालतो आणि बाकीचे तसेच पुढे जाऊ देतो. एका एसटीएम-१ मध्ये ६३ ई-१ मावतात. १४० मेगाबिटांच्या जुन्या प्रवाहात ६४ मावत. सुटसुटीतपणासाठी गमावलेला तो एक ई-१ ही फार मोठी किंमत म्हणता येणार नाही. एडीएम वलयात जोडले, की फायबर तुटल्यावर वाहतूक दुसऱ्या दिशेने वळते व त्यासाठी ५० मिलिसेकंदांची मर्यादा पाळली जाते.

लघुरूप एडीएमला उणे ४८ व्होल्ट एकदिश वीजपुरवठा लागतो. गंज टाळण्यासाठी यात धन टोक भूमीला जोडतात. ई-१ ची जोडणी १२० ओहम जोडतारेने किंवा ७५ ओहम समाक्ष केबलीने होते.

भारतात पहिली पीसीएम प्रणाली १९७५ मध्ये मुंबई शहर व अंधेरी या एक्स्चेंजांदरम्यान, तर स्थानिक जंक्शनसाठीची (एक्स्चेंजांना जोडणाऱ्या मार्गासाठीची) पहिली ऑप्टिकल फायबर प्रणाली १९७९ मध्ये पुण्यात सुरू झाली. एसडीएच १९९० च्या दशकात आले. रेल्वेच्या लहान स्थानकांवर एसटीएम-१ एडीएमशेजारी संभाषणांचे ई-१ करणारा प्राथमिक मल्टिप्लेक्सर (पीडी मक्स) बसवण्याची पद्धत पडली.

२००० नंतर या पेट्यांत इथरनेटचे पोर्ट आले. एसडीएचमध्ये एक ई-१ वाहून नेणाऱ्या व्हीसी-१२ या प्रत्येक पात्रात २.१७६ मेगाबिट माल मावतो. अशी ४६ पात्रे आभासी रीतीने जोडली (वेगवेगळी पाठवून टोकाला एकत्र धरली), की १०० मेगाबिटांचा इथरनेट प्रवाह बसतो. पुढे दिशा उलटली आणि ई-१ चेच तुकडे करून ते पॅकेटांतून नेले जाऊ लागले (इंटरनेटचे मानक आरएफसी ४५५३, २००६). पॅकेट जाळ्याला स्वतःचे घड्याळ नसल्याने पलीकडच्या टोकाला मूळ लय पुन्हा उभी करावी लागते. त्यासाठी पॅकेटांच्या आगमनावरून घड्याळ अनुमानणे आणि जाळ्याच्या दुव्यावरूनच घड्याळाची लय नेणारे समकालिक इथरनेट असे दोन मार्ग वापरले जातात. वीजवाहिन्यांच्या संरक्षक रिले-संदेशांसारख्या, विलंब स्थिर असणे अत्यावश्यक असलेल्या कामांत एसडीएच उपकरणे अद्याप टिकून आहेत.