पोटनिवडणुकीला कोण उभं राहू शकतं? चर्चेतल्या नावांना लावायची कागदांची चाळणी

आमदाराच्या निधनाची बातमी येते आणि तेराव्याच्या आतच टपरीवर विषय निघतो, "आता तिकीट कुणाला?" पहिलं नाव पत्नीचं, मग मुलाचं, मग भावाचं, त्यानंतर मागच्या वेळी पडलेल्याचं. ही नावं हवेतून येत नाहीत. २०१५ मध्ये तासगाव-कवठेमहांकाळमधून आर. आर. पाटलांच्या पत्नी सुमनताई निवडून आल्या, २०२१ मध्ये देगलूरला रावसाहेब अंतापूरकरांचे चिरंजीव जितेश, २०२२ मध्ये कोल्हापूर उत्तरमध्ये चंद्रकांत जाधवांच्या पत्नी जयश्री. पण २०२१ मध्येच पंढरपूर-मंगळवेढ्यात भारत भालकेंचे चिरंजीव भगीरथ पडले. २०१९ मध्ये पणजीत मनोहर पर्रीकरांच्या मुलाचं नाव गाजत राहिलं, तिकीट मिळालं सिद्धार्थ कुंकळ्येकरांना आणि जागा जिंकली बाबूश मोन्सेरात यांनी. कायद्यात 'वारस' नावाचा रकानाच नाही. तेव्हा अंदाज बांधा, पण प्रत्येक नाव खालच्या चाळणीतून काढून बघा.

आधी बघा, निवडणूक होणार आहे का?

जागा मृत्यूनं, राजीनाम्यानं किंवा अपात्रतेमुळे रिकामी होते. सभागृहाच्या परवानगीशिवाय सलग ६० दिवस गैरहजर राहिलं तरी सभागृह जागा रिक्त जाहीर करू शकतं. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ चं कलम १५१-अ सांगतं की जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यायची. सूट दोनच बाबतींत. एक, उरलेली मुदत वर्षापेक्षा कमी असेल तर. दोन, या काळात निवडणूक घेणं अवघड आहे असं निवडणूक आयोगानं केंद्र सरकारशी विचारविनिमय करून प्रमाणित केलं तर.

या सुटींवरून कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत. पुण्याचे खासदार गिरीश बापट २९ मार्च २०२३ ला गेले तेव्हा लोकसभेची मुदत वर्षाहून अधिक उरली होती, तरी पुण्यात पोटनिवडणूक लागली नाही. मुंबई उच्च न्यायालयानं डिसेंबरमध्ये ती घ्यायचा आदेश दिला, जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली आणि पुणेकर खासदाराविना राहिले. अकोला पश्चिममध्ये उलटं झालं. तिथे निवडणूक जाहीर झाली, पण निवडून येणाऱ्याला वर्षभरही मिळणार नाही या मुद्द्यावर नागपूर खंडपीठानं ती रद्द केली. तोवर इच्छुकांचे फ्लेक्स छापून झाले असतील, त्याला इलाज नाही.

पात्रता

विधानसभेसाठी भारताचं नागरिकत्व, २५ वर्षं पूर्ण वय आणि राज्यातल्या कुठल्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नाव. 'कुठल्याही' हा शब्द अधोरेखित करा. "बाहेरचा उमेदवार" ही तक्रार राजकीय आहे, कायदेशीर नाही. कोकणातले नारायण राणे २०१५ मध्ये वांद्रे पूर्वमधून उभे राहिले, ते याच नियमानं. (तृप्ती सावंतांकडून हरले, तो भाग वेगळा.) जागा राखीव असेल तर उमेदवार त्या प्रवर्गातला हवा आणि जातीचा दाखला हवा. विधान परिषदेला वय ३० लागतं. लोकसभेसाठी देशातल्या कुठल्याही यादीत नाव असलं तरी चालतं.

अपात्रता मात्र नीट वाचा. दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली असेल तर शिक्षेचा काळ आणि सुटकेनंतर सहा वर्षं बाद. सरकारी लाभाचं पद किंवा चालू सरकारी कंत्राट असलं तरी अडतं. आपल्याकडे निम्मे इच्छुक ठेकेदारीतले, त्यामुळे हा मुद्दा छाननीच्या दिवशी हमखास निघतो.

आणि नोकरी. अंधेरी पूर्वचं २०२२ चं प्रकरण आठवा. दिवंगत आमदार रमेश लटके यांच्या पत्नी ऋतुजा मुंबई महापालिकेत नोकरीला होत्या. पक्षानं नाव ठरवलं, पण महापालिकेनं राजीनामा मंजूर केलेला नव्हता. अर्जाची शेवटची तारीख १४ ऑक्टोबर. १३ तारखेला उच्च न्यायालयानं महापालिकेला राजीनामा मंजूर करून दुसऱ्या दिवशी सकाळी अकरापर्यंत पत्र द्यायला सांगितलं, तेव्हा कुठे अर्ज भरता आला. नोकरदार इच्छुकानं राजीनाम्याचा अर्ज दिल्याची पोच नाही, तर मंजुरीचं पत्र खिशात ठेवावं.

कागद

नामनिर्देशनपत्र म्हणजे नमुना २-ब. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक (नाव सुचवून अर्जावर सही करणारा) पुरतो, अपक्ष आणि नोंदणीकृत पण अमान्यताप्राप्त पक्षांच्या उमेदवारांना दहा. सूचक त्याच मतदारसंघातले मतदार हवेत. उमेदवार बाहेरचा चालतो, सूचक नाही. गावातल्या कुणाची तरी सही घ्यायची आणि तो माणूस शेजारच्या मतदारसंघाच्या यादीत निघायचा, असले घोटाळे टाळायला सूचकांचे यादीभाग आणि अनुक्रमांक आधी स्वतः तपासा. उमेदवाराचं नाव दुसऱ्या मतदारसंघात असेल तर त्या यादीचा प्रमाणित उतारा जोडायचा. एका जागेसाठी चारपर्यंत अर्ज भरता येतात. शहाणे उमेदवार एकावर थांबत नाहीत.

शपथपत्र म्हणजे नमुना २६. यात पॅन, गेल्या पाच वर्षांच्या विवरणपत्रांतलं उत्पन्न, स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबितांची मालमत्ता, कर्ज, सरकारी थकबाकी, गुन्हे, शिक्षण असं सगळं येतं. नोटरी किंवा दंडाधिकाऱ्यापुढे शपथेवर करायचं. एकही रकाना कोरा ठेवू नका. काही नसेल तर 'निरंक' किंवा 'लागू नाही' लिहा. अधिकाऱ्यानं सांगूनही रकाने कोरे राहिले तर अर्ज बाद होऊ शकतो.

पक्षाचा एबी फॉर्म, म्हणजे हाच आमचा अधिकृत उमेदवार असं पक्षानं लिहून दिलेला कागद, अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत पोचला पाहिजे. खरी यादी इथेच कळते. तोवर सगळेच 'संभाव्य'. अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००. खर्चासाठी वेगळं बँक खातं अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडायचं. महाराष्ट्रात विधानसभेची खर्चमर्यादा ४० लाख, गोव्यात २८ लाख. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यायचा. अर्ज दिल्यावर निवडणूक निर्णय अधिकाऱ्यापुढे संविधानाची शपथ घ्यायची असते. मिरवणुकीच्या गडबडीत हीच राहून जाते, आणि छाननीच्या दिवशी घेतली तर उपयोग नाही.

तारखा

अधिसूचनेपासून सातव्या दिवसापर्यंत अर्ज, सकाळी ११ ते दुपारी ३. निर्णय अधिकाऱ्याच्या दालनात उमेदवारासह पाचच जण. मिरवणूक कितीही लांब असली तरी बाकीचे गेटबाहेर. दुसऱ्या दिवशी छाननी, त्यानंतर दोन दिवसांनी माघारीची मुदत संपते. मतदान त्यानंतर किमान चौदा दिवसांनी. तारीख बदलूही शकते. कसबा आणि चिंचवडचं मतदान बारावीच्या परीक्षेमुळे २७ ऐवजी २६ फेब्रुवारी २०२३ ला झालं.

अनामत वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात. चिंचवडला बंडखोर राहुल कलाटेंनी ४४ हजारांवर मतं घेतली, तरी अनामत गेली. आणि माघारीच्या दिवशीपर्यंत कुणाचंही नाव पक्कं धरू नका. अंधेरीत भाजपच्या मुरजी पटेलांनी अर्ज भरला, प्रचारही सुरू केला आणि शेवटच्या दिवशी माघार घेतली. मतमोजणीत लटके यांच्या खालोखाल दुसऱ्या क्रमांकावर आला 'नोटा', १२,८०६ मतांनी.