राजद्रोह म्हणजे देशद्रोह नव्हे

कुणी सरकारवर जरा तिखट बोललं की टीव्हीच्या पट्टीवर लगेच ‘देशद्रोहाचा गुन्हा दाखल’ असं झळकायचं. एफआयआर उघडून पाहावा, तर कलम १२४अ. म्हणजे राजद्रोह. देशद्रोह या नावाचा वेगळा गुन्हा भारतीय दंडसंहितेत नव्हताच.

त्या शब्दातून आपल्याला जे सुचतं, त्याच्या जवळ जाणारं कलम होतं १२१: भारत सरकारविरुद्ध युद्ध पुकारणं, तसा प्रयत्न करणं किंवा त्याला चिथावणी देणं. शिक्षा फाशी किंवा जन्मठेप, शिवाय दंड. कलमाखाली दिलेलं उदाहरण इवलंसं आहे: ‘क’ सरकारविरुद्धच्या बंडात सामील होतो. झाला गुन्हा. आरोपी भारताचा नागरिकच हवा, अशी अट नाही. कलम ‘जो कोणी’ म्हणतं. म्हणून तर पाकिस्तानी कसाबलाही ते लागलं आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची फाशी कायम केली.

राजद्रोहाला हत्यार लागत नाही, शब्द पुरतात. १८७० साली दंडसंहितेत आलेल्या १२४अ मध्ये सरकारविषयी (१८९८ पासून द्वेष, तुच्छता आणि) मुळात ‘अप्रीती’ पसरवणं हा गुन्हा ठरला. अप्रीती! १८९७ च्या टिळक खटल्यात न्या. स्ट्रेची यांनी ज्यूरीला तिचा अर्थ सांगितला तो प्रीतीचा अभाव असा. म्हणजे इंग्रज सरकारवर प्रेम करणं सक्तीचंच. ज्यूरी सहा विरुद्ध तीन अशी फुटली आणि टिळकांना दीड वर्ष झालं. १९०८ मध्ये ‘केसरी’तल्या लेखांवरून सहा वर्षं, मंडालेला. त्या खटल्यात टिळक कित्येक दिवस स्वतः बोलले, आणि मराठी लेखांची इंग्रजी भाषांतरं कशी चुकली आहेत यावरही भांडले.

पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या १९६२ च्या केदारनाथ सिंह निकालाने १२४अ मधून नुसती टीका वगळली. हिंसेची चिथावणी किंवा सार्वजनिक शांतता बिघडवण्याचा रोख हवा, असं ठरलं. शिक्षा जन्मठेप, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा नुसता दंडही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम थोपवून धरलं.

१ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. युद्धाचं कलम आता १४७, शिक्षा तीच. १२४अ गेलं, पण शेजारी १५२ आलं. त्यात ‘सरकार’ऐवजी देशाचं सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता आहे. शब्द, खुणा, इलेक्ट्रॉनिक संदेश, पैसा, काहीही चालतं. हत्यार इथेही लागत नाही, आणि तीन वर्षांची मात्र सात झाली आहेत.